दहापैकी साडेदहा

आजीने आंबा उचलला आणि घरातल्या सगळ्यांचा श्वास जिथल्या तिथे थांबला!

गावाहून आलेली पेटी नुकतीच उघडली होती. गवतात निजलेल्या हापूसांचा तो सुगंध घरभर असा काही दरवळला, की कचऱ्याच्या डंपिंगवरून कांजूरभर हिंडणारा रोजचा वाराही खिडकीपाशी क्षणभर ओशाळून उभा राहिला. आजीने आंबा नाकाशी नेला, डोळे मिटले, देठाकडची बाजू गालाला लावली... आणि पोटचं लेकरू परक्याच्या ओटीत घालावं तसा तो पुन्हा गवतात ठेवून दिला.

"निकालानंतर," ती म्हणाली.

"आई, एक फोड तरी..." रेवतीची आई, दर्शना, कळवळली.

"देवाक सांगितलंय मी. आता काय तेका फसवू?"

आणि मग रेवतीला ज्याची भीती होती तेच झालं. आजी, आई, बाबा आणि काका, चौघांच्याही वात्सल्याने ओथंबलेल्या नजरा बेडरूमच्या दारात उभ्या असलेल्या रेवतीवर येऊन स्थिरावल्या! त्या नजरांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर ती भांडली असती. भांडणात ती बरी होती. पण नुसत्या प्रेमाशी कसं भांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"जा बाळा, अभ्यास कर," बाबा कुजबुजले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून. अगदी हळूच, कडीचाही आवाज होऊ न देता.

या सगळ्याला सुरुवात झाली होती गणपतीत, गावच्या घरी. त्याआधी रेवतीचा बी.एस्सी.च्या चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला होता आणि रसायनशास्त्रात नेहमीच कमालीची हुशार असणारी ही मुलगी अचानक आठ पॉइंट दोनवर घसरली होती. घरात चिंतेचे ढग दाटले. शेवटी बाबांनी, म्हणजे नंदकिशोर यांनी, देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाणं म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाने देवासमोर उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणत त्यावर सही ठोकायची. एकदा सही झाली की व्यवहार पक्का. मागे फिरणं नाही.

"बा देवा म्हाराजा! आमच्या रेवतीक पदवीची ओ ग्रेड पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ती पडासर मी चायेक तोंड लावचंय नाय म्हाराजा!"

इथे "व्हय म्हाराजा" जरा उशिरा आलं, कारण हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. बाबा एका लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर होते आणि त्यांच्या अंगात रक्त कमी, चहा जास्त, असं त्यांचे डॉक्टरच म्हणायचे. पण त्यागाचं वारं एकदा सुटलं की ते कुणाला सोडतं? आजीने डोळ्यांना पदर लावला आणि ओ, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड पडेपर्यंत आंबा वर्ज्य केला. आईने गोवंडीच्या अस्मितामावशीला रोज दुपारी होणारा फोन सोडला. उरला राजेशकाका. त्याला सोडण्यासारखं काही सापडेना. शेवटी त्याने छातीवर हात ठेवून गर्जना केली, "मी लगीन करूचंय नाय म्हाराजा!" त्यावर सही ठोकताना दोघातिघांना खोकला आला, कारण काकाचं वय चव्वेचाळीस होतं आणि ते लग्न सोडायला मुळात कुणी धरलेलंच नव्हतं.

रेवतीनेही म्हटलं होतं, "व्हय म्हाराजा." सगळ्यांबरोबर. तिच्या ओठांतून ते शब्द निघाले आणि त्या क्षणापासून तिचं घर तिच्यासाठी हळूहळू बंद होत गेलं...

आधी ती ओट्याला टेकून अभ्यास करायची. कुकरची शिट्टी, मालिकेतल्या सासवा, बाबांचा बशीतला चहा, आईचं फोनवर "अगं हो ना, अगं हो ना", आणि आजीचं मधूनच "काय गो, आज कसला रसायन?" या गदारोळात तिला सगळी सूत्रं पाठ व्हायची. आंब्याच्या दिवसांत तर आजी आंबा खाऊन त्याचा बाठा, म्हणजे कोय, चोखायला तिच्या हातावर ठेवायची. आता तिला घरातली एकुलती एक बेडरूम मिळाली होती आणि तिच्यापायी आजी वॉकर घेऊन हॉलमध्ये निजत होती. टीव्ही मुका झाला होता. दार चार बोटं उघडून ताट आत सरकवलं जायचं. रेवतीला चतुर्भुज झाल्यासारखं वाटायचं. फरक इतकाच, की कैद्याला भेटीची वेळ असते.

दाराबाहेर सगळे पायांच्या चवड्यांवर चालायचे. चहा सुटल्याने बाबांचं डोकं दुखायचं, ते कपाळाला बाम लावून बसायचे आणि बामाचा वास दाराच्या फटीतून आत यायचा. आई दुपारी फोन मांडीवर घेऊन नुसती बसायची. रेवती पुस्तकात डोकं खुपसून रडायची, तेही आवाज न करता. तिच्या हुंदक्याने त्यांच्या शांततेचा भंग झाला असता ना!

पाचव्या सेमिस्टरला आठ पॉइंट सहा पडले.

"वाढले!" बाबा आनंदाने ओरडले आणि लगेच जीभ चावून कुजबुजले, "वाढले! आठ पॉइंट दोनवरून आठ पॉइंट सहा. लिफ्ट वर चाललीय! आता शेवटच्या सेमला नऊच्या वर जाऊन थांबली की झालं. दार उघडलं, ओ ग्रेड!"

आयुष्यभर लिफ्टमध्ये वावरलेल्या त्या भाबड्या माणसाला वाटत होतं, की लिफ्ट शेवटी ज्या मजल्यावर थांबेल तोच मजला आपला. पदवीची ग्रेड ही सहाही सेमिस्टरची सरासरी असते, मधले सगळे मजले त्यात धरतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पेढे वाटले गेले. दार पुन्हा बंद झालं.

दाराआड रेवतीने बेरीज केली. ओ ग्रेडला सरासरी नऊ लागते, म्हणजे सहा सेमिस्टर मिळून चोपन्न. तिच्या पाच सेमिस्टरची बेरीज होत होती साडेत्रेचाळीस. तिने वजाबाकी केली. मग मोबाइलवर केली. मग उलटीकडून केली. उत्तर दरवेळी तेच येत होतं, एखाद्या चिवट पाहुण्यासारखं.

शेवटच्या सेमिस्टरला तिला साडेदहा हवे होते. दहापैकी.

तिच्या पायांखालची जमीन सरकली! म्हणजे ओ ग्रेड आता कधीच पडणार नव्हती. म्हणजे बाबा चहाविना, आई बहिणीविना, आणि आजी... देवाशी केलेला करार मोडणं त्या घराला ठाऊक नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती कोकणातली म्हातारी यापुढे कधीही आंबा खाणार नव्हती! आणि हे त्रिभुवनात फक्त रेवतीला माहीत होतं.

बुडत्याने करावेत तसे सगळे उपाय तिने करून पाहिले. एकदा मुलुंडच्या कॉलेजात ती परीक्षा विभागाच्या खिडकीशीही गेली.

"मॅडम, एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं. दहापैकी दहाच्या वर मिळतात का कधी?"

खिडकीतल्या बाईंनी डबा खाता खाता वर पाहिलं. "वर म्हणजे?"

"म्हणजे... साडेदहा."

बाईंनी घास गिळला. "हे बघ, आमच्याकडे दहापैकी दहाच असतात. त्याच्या वर कोणी जात नाही. जेवलीयस का तू?"

"मैत्रीण ना, मॅडम..."

"मग मैत्रिणीला म्हणावं, जेवून घे."

कित्येक महिन्यांनी कुणीतरी तिला आवाज न दाबता, नेहमीच्या मोठ्या आवाजात जेवणाचं विचारलं होतं. रेवतीला त्या बाईंच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण मध्ये जाळी होती.

सांगावं, असं रोज तिच्या मनात यायचं. सांगायला ती दार उघडायची आणि बाहेर चार चेहरे तिच्याकडे अशा श्रद्धेने वळायचे, की ती "पाणी" एवढंच म्हणायची. तिला पाणी मिळायचं. घरात इतकं पाणी कुणीच पीत नव्हतं.

आणि अशात काकाच्या आयुष्यात अक्षता आली!

ती सांताक्रूझला काकाच्याच ऑफिसात हिशेब बघायची. चाळिशीची, स्पष्ट बोलणारी, हसरी. तिलाही कुणी धरलेलं नव्हतं, आणि तिने मात्र सरळ राजेशकाकालाच धरलं. काकाने तिला इतकंच सांगितलं होतं, की घरात एक अडचण आहे, निकालापर्यंत थांब. कसला निकाल, ते तिला कळेना. तिला वाटलं कोर्टाचा असावा. पेटी उघडल्याच्या पुढच्या रविवारी ती सरळ जेवायलाच येऊन थडकली. मालाडची आंब्याची बर्फी घेऊन!

रेवतीला त्या दिवशी खास बाहेर बोलावण्यात आलं. अक्षताने बर्फी पुढे केली. आजीने डोळे मिटून हात जोडले. अक्षता म्हणाली, "मग चहा तरी टाकूया, दादा?" बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आईच्या मांडीवर फोन वाजला, अस्मितामावशीचाच असावा. आईने तो वाजून वाजून बंद होऊ दिला. अक्षताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत चाललं. वातावरण सावरायला काकाने घराचा हुकमी किस्सा काढला.

"अगं, आमच्या आईची गंमत सांगतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये ही बाथरूममध्ये पडली ना, मांडीचं हाड मोडलं. घरात फक्त रेवती. तिनेच रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. ही आपली लॅबचा पांढरा कोट घालून! वॉर्डबॉयला वाटलं, हीच डॉक्टर. म्हणतो, मॅडम, पेशंटला कुठे घेऊ? तर आई स्ट्रेचरवरून ओरडते..."

"मेल्या, ती माझी नात! तिका थर्मामीटर धरूक येना नाय!" आजीने आपलं वाक्य वेळेवर म्हटलं.

सगळे हसले. सवयीने, कुजबुजत हसले. चार माणसं आवाज न करता हसतायत, हे दृश्य अक्षताने बहुधा आयुष्यात प्रथमच पाहिलं असावं.

"तुम्ही सगळे असं का करताय?" तिने विचारलं.

मग तिला सांगण्यात आलं. गाऱ्हाणं, ओ ग्रेड, चहा, आंबा, फोन, लग्न. सांगताना काका फरशीकडे बघत राहिला, आणि शेवटी चारही नजरा ठरल्याप्रमाणे रेवतीवर येऊन थांबल्या.

अक्षताने सगळं ऐकून घेतलं. तिच्यातल्या हिशेबनिसाला त्यात एकच गोष्ट खटकली.

"अगं, पण शेवटच्या सेमला किती लागतात?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न! आठ महिने होत आले, घराने सर्वस्व सोडलं, आणि हा साधा प्रश्न त्या घरात कुणीही, कधीही विचारला नव्हता!

"लागतील तेवढे पाडेल ती," बाबा अभिमानाने म्हणाले.

"तसं नाही, दादा. आकडा असतो ना एक. रेवती, किती गं?"

"पाणी" म्हणायला रेवतीने तोंड उघडलं. पण महिनोन् महिने छातीवर धोंडा होऊन बसलेला तो आकडाच बाहेर पडला.

"साडेदहा."

"कितीपैकी?" अक्षताने विचारलं.

"दहापैकी."

बाबांनी थोडा विचार केला.

"मग जमेल ना," ते म्हणाले. "अजून पेपर व्हायचेत. थोडा जोर लाव."

"बाबा..."

"अगं, अर्ध्यासाठी काय अडतंय!"

"बाबा, दहाच्या वर नसतंच काही!" रेवती ओरडली. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणीतरी ओरडलं होतं; शेजारच्यांनी आपला टीव्ही बारीक केला. "सरासरी असते ती! लिफ्ट कुठे थांबते त्याला काही किंमत नाही! ओ ग्रेड नाही पडणार मला. पाचव्या सेमच्या निकालादिवशीच कळलं होतं. तेव्हापासून मी त्या खोलीत बसून... एकटी... तुम्ही माझ्यासाठी सगळं सोडलंत हो, पण ते सोडता सोडता मलाच सोडून दिलंत! कुणी माझ्याशी बोलत नाही. आजी मला बाठा देत नाही. मला वाटतं, मी मेलेय आणि तुम्ही माझं सुतक पाळताय..."

पुढचे शब्द हुंदक्यांत बुडाले. आई धावत आली, तिने लेकीला पोटाशी धरलं. बाबा भिंतीला धरून खाली बसले. काकाने अक्षताकडे पाहिलं. त्या नजरेत चव्वेचाळीस वर्षांचं एकाकीपण होतं, आणि आता ते कधी संपेल याची मुदतही उरली नव्हती.

"पण असं झालं कसं?" बाबा पुटपुटले. "चौथ्या सेमलाच घोळ झाला. तिथेच आठ पॉइंट दोन. काय झालं होतं गं तेव्हा?"

"पेपर कठीण होता," रेवती पटकन म्हणाली.

फारच पटकन.

आजीने वॉकर पुढे ओढला आणि ती सावकाश उभी राहिली.

"चौथा सेमिस्टर म्हंजे मार्च ना गो?"

"आजी, तू बस."

"त्या दिवशी तू कोट घालून कित्याक व्हतंस?"

कुणालाच काही कळेना. आजी वॉकर रेटत रेवतीसमोर आली. "मी पडलंय सकाळी. तू घरात व्हतंस. घरात कोण लॅबचो कोट घालता? वर्सभर हसतंव आमी त्या कोटाक... सांग. खय चल्लेलंस तू त्या दिवशी?"

रेवतीने मान खाली घातली. इस्त्री मोडू नये म्हणून तो कोट तिने घरूनच अंगात घातला होता. त्या दिवशी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. पायांत चप्पल सरकवली आणि बाथरूममधून तो आवाज आला होता... घरी तिने सांगितलं होतं, की प्रॅक्टिकल पुढे ढकललं. कॉलेजात सांगितलं, की आपण आजारी होतो. दोन दिवसांच्या परीक्षेचा पहिला दिवस कायमचा बुडाला. दुसऱ्या दिवशीच्या मार्कांवर ती प्रॅक्टिकलमध्ये कशीबशी पास झाली होती.

"तू स्वतःला दोष दिला असतास, आजी," ती एवढंच म्हणाली.

जो किस्सा त्या घराने प्रत्येक पाहुण्याला हसत हसत ऐकवला होता, त्या किश्शात त्यांच्या लेकराचं बलिदान भरदिवसा, पांढऱ्याशुभ्र कोटात उभं होतं आणि कुणालाही ते दिसलं नव्हतं!

आजी रडली नाही. ती वॉकर टेकत टेकत देव्हाऱ्यापाशी गेली.

"नंदू, गाऱ्हाणा घाल."

बाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. गाऱ्हाणं बायकांनी घालायची त्यांच्या घरात रीत नव्हती. आजीने क्षणभर वाट पाहिली, मग वॉकर सोडला आणि दोन्ही हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गणपतीत माझ्या झिलान जा मागल्यान, ता चुकीचा मागणा होता म्हाराजा!"

उत्तर आलं नाही. सगळे रडत होते. आजी थांबून राहिली, कारण सहीशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही. शेवटी अक्षतानेच घाबरत घाबरत म्हटलं, "व्हय... महाराज?"

"म्हाराजा," काकाने नाक ओढत दुरुस्त केलं.

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवान माझ्यापायी आपले मार्क घालवल्यान, आणि तोंडातसून शब्द काढूक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आईचाही आवाज मिसळला.

"विद्यापीठाक धाच्या वर मोजूक येना नाय, पण तुका येता म्हाराजा! साडेधा हिणा आमका कधीच दिल्यान, ता तू मांडून घी, आणि आमका ह्या बोलातसून मोकळा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबा भिंतीपासून ओरडले.

"नंदूक चाय पिवंदे, सुनेक फोन करूंदे, ह्या घोड्याचा लगीन होवंदे... आणि म्हातारेक आंबो खावंदे म्हाराजा! पुढल्या वर्साचा कोणी बघितल्यान!"

यावर सही ठोकणारा सगळ्यात मोठा आवाज रेवतीचा होता.

मग बाबा उठले. आता ते लेकीला जवळ घेतील, असं सगळ्यांना वाटलं. पण ते सरळ गॅलरीत गेले, हत्यारांची पेटी घेऊन आले आणि एक शब्दही न बोलता बेडरूमच्या दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढू लागले. आयुष्यभर त्यांनी अडकलेली दारं उघडली होती. त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. काकाने खालून दार धरलं. अक्षताने चहाचं आधण ठेवलं. दार उचलून गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली उभं करण्यात आलं, आणि मग बाबा घामेजल्या अंगाने रेवतीपुढे येऊन लहान मुलासारखे रडू लागले.

"बाळा, मला सरासरी कळली नाही गं..."

"मला पण सांगता आलं नाही, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांच्या अंगाला अजून बामाचाच वास येत होता.

रेवतीचा शेवटचा पेपर त्याच आठवड्यात होता. आदल्या संध्याकाळी ती खोलीत बसली होती. बाहेर मालिकेतली सासू किंचाळत होती, बाबा बशीतून चहा ओढत होते, आणि आई अस्मितामावशीला साचलेलं सगळं गणपतीपासून क्रमवार सांगत होती. ती अजून दिवाळीपर्यंतही पोचली नव्हती. त्या कोलाहलात रेवतीची सूत्रं सरसर पाठ होत होती. ओ ग्रेड मिळणार नव्हती. उद्या तिला मिळतील तेवढेच मिळणार होते, दहापैकी.

एकदम टकटक ऐकू आली.

तिने वर पाहिलं. रिकाम्या चौकटीत आजी वॉकरला टेकून उभी होती आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने चौकटीच्या लाकडावर बोटाने वाजवत होती.

"येव काय गो आत?"

"ये ना गं! दार कुठाय आता?"

"नाय, म्हटलां, इचारूक व्हया," आजी म्हणाली. तिच्या हनुवटीला रस लागला होता आणि कोपरापर्यंत पिवळे ओघळ आले होते. ती हळूहळू पुढे आली, तिने रेवतीच्या उघड्या पुस्तकाकडे पाहिलं, ते नीट बाजूला सारलं, आणि मुठीत जपून आणलेली वस्तू तिच्या तळहातावर ठेवली.

"घी. बाठो तुझो."